नाव, वय, तक्रार

भाळवणीच्या मळीत निघालेली नडगी
टॉवेलात गुंडाळून एसटीनं मिरजेला आणली.
कंडक्टर म्हणाला, काय आहे?
म्हटलं, पेशंट.

शब्बीर मुजावरांनी फॉर्म पुढं सरकवला.
वय लिहिलं: पस्तीसच्या आसपास.
वरची तीन हजार वर्षं सोडून दिली.

आधी वजा करायचं असतं.
ही भोकं उसाच्या मुळांची, ही वाळवीची,
हा ओरखडा आमच्याच खुरप्याचा.
मातीची दुखणी काढून टाकली
की उरेल ते तिचं.

काचेमागं दिवा लागला.
घोट्याच्या अंगाला आडव्या पांढऱ्या रेघा,
चार. पाचवी पुसट.
लहानपणी हाड वाढायचं थांबलेलं.
उपास की ताप, रेघ सांगत नाही.
आणि थांबतं तेव्हा ती उमटतही नाही,
पुन्हा वाढू लागलं
की उमटते.

मुजावरांनी चष्मा कपाळावर सारला.
'बहात्तरच्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची.
तिची दिसंल का हो, माझ्यात?'

म्हटलं, वयानं पुसली जाते बहुतेक.

तोवर ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
टेबलावर बसलेही होते.