जिन्याची मोजणी

थंडर बे, फेब्रुवारी, उणे सव्वीस.
माझ्याजवळ टेप, पेन्सिल आणि पत्र:
मयत हेल्वी कांगास हिच्या तळघराचा जिना
मोजून अहवाल द्यावा.
निकाल देणारी मी नव्हे. मी मोजते.

करारात पायऱ्या बारा, प्रत्येकी वीस सेंटिमीटर.
जागेवर सोळा, प्रत्येकी पंधरा.
गुणाकार दोन्हीकडे सारखाच येतो, दोनशे चाळीस.
पण सोळा पायऱ्यांना जागा जास्त लागते,
एक भिंत पाडावी लागते, एक वळण घ्यावं लागतं,
आणि त्या वळणाचे अकरा हजार चारशे डॉलर
कोणी द्यायचे, इथं घोडं अडलंय.

रेयो लाम्पिनेन, कंत्राटदार, टोपी हातात:
"तिनंच सांगितलं. कॉफी ओतता ओतता.
रेयो, म्हणाली, पायऱ्या ठेंगण्या कर,
गुडघा आता माझं ऐकत नाही."
कागद?
"हेल्वीच्या स्वयंपाकघरात बसून कागद मागू?
तिनं पातेलं फेकून मारलं असतं."

वकील समजावतो, शांतपणे, तासाच्या दरानं:
मेलेल्या माणसाचा शब्द
जिवंत माणसानं एकट्यानं सांगून भागत नाही,
जोडीला दुसरं काही लागतं.

मार्केत्ता, मुलगी, मृत्युपत्राची व्यवस्थापक,
कॅल्गरीहून आलेली, अंगातला कोट न काढता म्हणाली:
"आईनं सौना सोडून चार वर्षं झाली होती.
खाली जातच नव्हती ती. मी दर रविवारी फोन करायचे."

आणि तौनो, मुलगा.
पाटी होती 'लाम्पिनेन आणि कांगास',
त्यातला कांगास तो.
धंद्यात निम्मा, वारशात निम्मा,
म्हणजे वादीही तोच, प्रतिवादीही तोच.
एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात जायचे,
वाटेत दोन वकील.
तो खिडकीतून धान्याच्या कोठारांकडे बघत राहिला.
काही विचारलं की म्हणायचा, "रेयोला विचारा."
मग, "मार्केत्ताला विचारा."

मी गुडघ्यांवर बसून मोजत खाली गेले.
पहिली, दुसरी, तिसरी.
प्रत्येक पायरीच्या डाव्या कडेला
राखाडी गोल, काठीच्या रबराएवढे,
पार तळापर्यंत, सौनाच्या दारापर्यंत.
तेराव्या पायरीवर मात्र गोल खूप,
एकावर एक चढलेले,
तिथं कुणीतरी नेहमी थांबत असावं.
मी लिहिलं: खुणा, व्यास तीन सेंटिमीटर, सर्व पायऱ्यांवर.
कोणाच्या, ते लिहिलं नाही.
रकाना नव्हता.

मागून मार्केत्ता उतरायला लागली
आणि पहिल्याच पायरीवर धडपडली.
तिच्या पायाला आणखी पाच सेंटिमीटर हवे होते.
कठडा धरून ती उतरली, एकेक, नववधूसारखी नाही,
बर्फावरून चालणाऱ्या माणसासारखी,
आणि तेराव्या पायरीवर बसली.
मी तिला काही दाखवलं नव्हतं.
खाली सौनाची बादली होती. बादलीत डवला.
डवल्याचा दांडा अजून ओलसर काळा.

तडजोड झाली ती कोर्टाच्या बोळात,
कॉफीच्या यंत्राजवळ, पंधरा मिनिटांत:
रेयोला सत्तर टक्के, वकिलांना शंभर.
पाटी उतरली. घर मेमध्ये विकायचं ठरलं.
तौनोनं दोनदा सही केली,
एकदा देणारा म्हणून, एकदा घेणारा म्हणून,
आणि दोन्ही सह्या वेगळ्या आल्या.

मी टेप गुंडाळत होते तेव्हा
मार्केत्तानं मला बाजूला घेतलं.
घर विकण्याआधी जिन्यातली एक फळी
काढून नेता येते का?

हे माझ्या कामात बसत नाही, मी म्हटलं.
मग स्क्रू कुठल्या मापाचे आहेत
तेवढं सांगितलं.