सव्वादोन इंची

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या बोळात
दस्तगीरच्या शेडला सायलेन्सर टांगलेत,
खाटकाकडं टांगावेत तसे.
मारुतीचे बारके, टेम्पोचे पोट सुटलेले,
एक तर मॅटाडोरचा. ती गाडी कधीच भंगारात गेली,
हा राहिला.

माझी पिकअप दोन हजार चारची.
गडहिंग्लजहून आणली तेव्हा पाटीवर एमएच होतं,
आता केए बावीस. रंगाखालचे जुने आकडे
तिरप्या उन्हात अजून दिसतात.
रताळी भरतो, कधी काजूबी,
कधी कुणाच्या लग्नाची भांडी.
चोर्ल्याच्या घाटात सायलेन्सर गळून पडला,
तेव्हापासून ती बोलत नाही,
भांडते.

भरमू, माझा भाचा, म्हणतो,
"मामा, सरळ पाइप टाक. जाळी नको, डबा नको.
पिरनवाडीच्या नाक्यावर माना वळाय पायजेत."
दस्तगीर म्हणतो, "सुमके पैसे घालवू नको मष्णू.
कंपनीचा बसव. आवाजच नाही बघ.
घरात बायकोला कळणार नाही आलास ते."
एकाला सगळ्या गावाला ऐकवायचंय,
दुसऱ्याला कुणालाच नाही.

दोघांनाही मी सांगितलं नाही
की बावीस वर्षं गर्लगुंजीच्या बँडात
मी बास वाजवला.
अंगाभोवती गुंडाळलेलं ते पितळ.
चाल असते क्लॅरोनेटची;
बास नुसता खालून धरून असतो,
वरात सरकते ती त्याच्यावर,
बघत त्याच्याकडं कुणी नाही.
मग एका संध्याकाळी पुढचे तीन दात गेले.
सांगण्यासारखं काही नाही,
ट्रॅक्टरच्या जॅकचा दांडा सुटला.
दातांशिवाय ओठ
वारा धरत नाहीत.

पाना घेतला, एकेका डब्यावर टकटक केली.
नव्या पत्र्याचे टणटण, बिनकामाचे.
काचेचा कापूस भरलेला गोड वाटला,
"सहा महिने," दस्तगीर म्हणाला,
"मग कापूस जळतो आणि बोंबलत सुटतो."
मॅटाडोरवाला दुम् म्हणाला
आणि थांबला,
आणि थांबल्यावरही थोडा उरला.

"ह्यो."
"तोंड बसत नाही त्याचं तुझ्या गाडीला."
"ह्यो."
दस्तगीरनं कन्नडमधून एक शिवी घातली,
कुणाला ते मी विचारलं नाही,
आणि गॅस पेटवला.

आता पाइप. दोन इंची घातला तर आवळतो,
चढाला दम लागेल.
अडीच घातला तर घागरीत दगड.
सव्वादोन मिळेना. सिद्राय पोरगा सायकल घेऊन
दोन दुकानं फिरला, तिसऱ्यातून घेऊन आला.
शेपूट मागच्या चाकाच्या पलीकडं काढली,
बाजूला नको, धूर पोत्यात शिरतो,
रताळ्याला वास लागला की अडत्या भाव पाडतो.

चालू केली. उभी असताना झक्कास.
मच्छेपर्यंत नेली तर पन्नासच्या पुढं
केबिनमध्ये भुंगा. डोक्यातच घर केलं.
भरमू हसला, "बघ की!"
परत आणली. म्हटलं, शेपटीतली वीतभर काप.
दस्तगीर बघत राहिला.
थंडीत सूर उतरला की बासची नळी
मी अशीच बोटभर आत ढकलायचो.
हेही त्याला सांगितलं नाही.
वीतभर जास्त झाली असती,
चार बोटंच कापली.

दिवे लागता लागता निघालो.
पिरनवाडीच्या नाक्यावर
एकही मान वळली नाही.
भरमू खिडकीकडं तोंड करून बसला.
पुढं रेल्वेच्या फाटकात गाड्या अडकल्या,
सगळ्यांनी इंजिनं बंद केली,
मी नाही केली.
भज्यांच्या गाड्यावरचा म्हातारा
झारा कढईच्या काठावर ठोकत होता,
सहज, त्याच्या नादात,
आणि ठोक नेमका आमच्यावर पडत होता.

जीभ आपोआप
तीन दातांच्या जागेवर गेली.
फाटक उघडलं. मागचा हॉर्न मारायला लागला.

दस्तगीरचे चारशे अजून द्यायचेत.