दुसरा शनिवार, खानापूर

सायकल दुकानाच्या माळ्यावर आज आम्ही चौघं.
गेल्या खेपेला तिघं होतो,
त्यातला एक चुकून आलेला.

मोनाप्पानं पोत्यातून आणलाय
सोसायटीनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर.
"जीव हाय की ह्यात अजून."
पेनड्राइव्ह घातला. पंखा घरघरला.

पडदा पहिल्यांदा विचारतो : भाषा कोणती?
आम्ही उगाच खिडकीकडं बघतो.
ह्याच प्रश्नावर खाली चौकात
किती पाट्यांना डांबर लागलं.

शिवलीला म्हणते, दोन्ही घे की,
दोन कळा दाबल्या की बदलतंय.

"आणि पैसे कुणाला द्यायचे?" चौथा.
कुणालाच नाही. उघडून बघ, मोड, जोड,
शेजाऱ्याला दे.
त्याला पटत नाही.
चिरमुरे मात्र घेतो.

एकोणसत्तर टक्क्यांवर लाईट गेली.
जिन्याकडं कुणी वळलं नाही,
चौथासुद्धा.