मागणी-वही

आमच्या दुकानाचं दार आधी वारा उघडतो,
मग माणूस.
पुंता आरेनासमध्ये हे असंच.
चौकात पालिकेनं दोर बांधलेत, धरून चालायला.
मी आत, गॅसच्या शेगडीपाशी,
पुठ्ठ्याच्या चिटोऱ्यांवर
दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांची भलामण लिहीत असते.

"चार ओळी," मिलेंकाबाई म्हणतात.
"पाचवी लिहिलीस की ती तुझी होते, पुस्तकाची राहत नाही."

म्हणून चार.

'नवऱ्याच्या दफनाला उशिरा पोचलेली बाई.
पुढे उशीर हाच तिचा स्वभाव होतो.
पहिली साठ पानं सोसा.
एकसष्टाव्यावर गाढव येतं, मग सुटका नाही.'

'हिच्यात कोणीही मरत नाही,
तरी संपल्यावर दोन दिवस
सुतक असल्यासारखे घरात बसाल.
अंगात ताप असताना वाचू नये.'

तिसरी मला आवडत नाही,
तिच्यातलं स्वयंपाकघर आवडतं.
तेवढंच लिहिलं. पाच प्रती गेल्या.

लोक चिठ्ठ्या वाचतात.
मासळी कारखान्यातल्या बायका,
लिंबू चोळूनही न गेलेला वास बोटांवर घेऊन;
फक्त बारीक पुस्तकं घेणारा नौदलातला पोरगा;
दातांचे डॉक्टर कार्देनास,
जे पैसे मोजताना बजावतात,
"तुझ्या शब्दावर घेतोय हं, यास्ना."

माझ्या शब्दावर.
माझे शब्द तीनदा सान्तियागोला जाऊन आले.
मी अजून गेलेली नाही.
पहिल्यांदा उत्तर आलं, 'आवाज आहे.'
दुसऱ्यांदा छापील कागद.
तिसऱ्यांदा तेही नाही.
आई म्हणाली, "बंदरात मोजणीदाराची जागा निघालीय,
अर्ज करायला काय जातं?"
केला.
'अनुभव' या रकान्यापाशी बराच वेळ अडले.

मग जूनमधल्या एका दुपारी
(चारलाच अंधार, चिटपाखरू नाही)
मी नसलेल्या पुस्तकाची चिठ्ठी लिहिली.

'सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनिरात,
एक बाई लोकांची पत्रं लिहून देते. ज्यांना लिहिता येतं त्यांचीसुद्धा.
एकदा तिच्याच नावचं पत्र येतं, अक्षर तिचंच.'

चौथी ओळ सुचेना. मोकळी ठेवली.
आणि दोन जाडजूड ग्रंथांच्या फटीत सारली,
बोटही शिरणार नाही अशी.

विसरले नाही. विसरल्यासारखं केलं.

नवव्या दिवशी एरास्मो बार्रिया आला,
लोकरीचे गठ्ठे फेरीबोटीनं पलीकडे नेणारा.
चिठ्ठी त्याच्या अंगठ्याखाली.
"हे कुठंय?"
"संपलं," मी म्हणाले.
"परत कधी येईल?"

मिलेंकाबाईंना दुकानातलं पुस्तक न् पुस्तक तोंडपाठ.
चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
खण ओढला
आणि मागणी-वही त्याच्यापुढे सरकवली.
चकार शब्द नाही.

त्यानं नाव लिहिलं. फोन लिहिला.
'पुस्तक' या रकान्याशी थबकला.
"नावच नाही यावर."
"नाही."
"मग?"
"राहू द्या मोकळं."
त्याला ते पटलं असावं, किंवा बोट सुटत असावी.
दारातून ओरडून म्हणाला, वाऱ्यात अर्धं विरलं,
"फेरी रद्द झाली की सहा-सहा तास काढावे लागतात!
जरा जाड असू दे!"

बंदरातून बोलावणं आलंय, उद्या आठला.
जाणार आहे. पगार बरा आहे,
आईनं माझा कोट झटकून खुंटीला लावलाय.

आज रविवार. दुकान बंद,
किल्ली माझ्याकडे.
शेगडी अजून नीट पेटलेली नाही,
बोटं आखडलीत.
जाड म्हणजे किती, हे विचारायचं राहिलं.

साठ पानं काही मी कोणाला सोसायला लावणार नाही.
गाढव पहिल्याच पानावर आणीन म्हणते.