हातचा

एजन्सीनं दिलेल्या कॅलेंडरवर
बारा महिने, बारा जहाजं.
मार्चच्या जहाजाखाली मी पहिली फुली मारली
तेव्हा हेराक्लिओ मनिलात
कंपनीच्या डॉक्टरपुढं बसला होता,
शर्टाची उजवी बाही रिकामी सोडून.
आमच्या गिम्बालहून मनिला
बोटीनं एक दिवस, एक रात्र.
तो बोटीत झोपला नाही म्हणे. दोर बघत बसला.

सांतोस बंदरात दोर तुटला.
अहवालात एवढंच आहे: दोर तुटला.
दोन महिने आधी त्यानंच चीफ ऑफिसरला सांगितलं होतं
की हा आता बदला,
ते त्या ओळीत मावलं नाही.
तुटलेल्या दोराचा आवाज नंतर येतो, तो म्हणतो.
आधी लागतं.

एकशेवीस दिवस, वकीलबाई म्हणाल्या.
तेवढ्यात डॉक्टरनं ठरवायचं
माणूस बरा झाला की नाही,
आणि नाही, तर किती नाही.
त्याचा तक्ता असतो.
अंगठ्याला वेगळा आकडा, करंगळीला वेगळा.
आम्ही तो रात्री वाचला,
बाजारात मासळीचे भाव विचारत जावं तसा.
डोळा गेला असता तर, हेराक्लिओ हसत म्हणाला,
छप्पर झालं असतं गं.

मी हसले नाही.
मी मागच्या पानावर बेरीज मांडत होते.
बोटीचं भाडं, खोलीचं भाडं, गोळ्या,
नऊ नि सात सोळा,
सहा लिहा, हातचा एक.

हात वर करा.
तो करायचा.
डॉक्टर कोनमापक लावायचा,
धाकटीच्या कंपासपेटीत असतो तसलाच, जरा मोठा.
साठ अंश.
पुढच्या खेपेला पासष्ट. प्रगती आहे, म्हणाला.
पासष्ट अंशांत घास मावतो.
शर्टाची खालची बटणं मावतात.
केस विंचरणं नाही मावत,
डिसेंबरात खिडकीवर कागदी चांदणी टांगणं नाही,
आणि रात्री कुशीवर वळणं
हे तर कुणी मोजलंच नाही.

एकशेएकोणिसाव्या दिवशी
दवाखाना बंद होता होता पत्र दिलं:
कामास योग्य.
त्यानं ते डाव्या हातानं घेतलं.
उजवा मांडीवर होता,
कुणाचं तरी मूल सांभाळायला दिल्यासारखा.
सकाळी तो एजन्सीच्या खिडकीशी गेला.
मग द्या जहाज, योग्य आहे ना मी?
आतल्या मुलीनं मान वर केली नाही.
कंपनीनं मात्र हात वर केले.
अगदी वरपर्यंत.
एकशेऐंशी अंश.

पुढं कज्जा. तीन वर्षं.
आमचा डॉक्टर म्हणाला मोडलेला,
त्यांचा म्हणाला शाबूत.
तिसरा नेमायचा होता, नेमलाच नाही कुणी.
खांदा आयताच मधे बसून होता
आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

एकदा जिंकलो.
वकीलबाईंचा वाटा वजा जाऊन
पत्रे आले, निळे.
मेहुण्यानं ठोकले. हेराक्लिओ खालून खिळे देत राहिला,
डाव्या हातानं, तोंडात धरलेले एकेक काढून.
एका पत्र्याला बावीस.

काल वरच्या कोर्टाचं पत्र आलं.
डॉक्टरनं मुदतीत सांगितलं होतं, म्हणून डॉक्टर खरा.
घेतलेली रक्कम परत करावी.
मी दोनदा मोठ्यानं वाचलं.
वर पत्रे उन्हानं टणटणत होते.
खिळे काढले तर भोकं राहतात,
भोकांचे पत्रे कंपनी घेईल का,
हे वकीलबाईंना विचारायचं राहिलं.

धाकटी जमिनीवर पालथी पडून गणितं करत होती.
बाबा, तिनं विचारलं, हातचा कुठं लिहू?
वर, तो म्हणाला.
आणि दाखवायला
उजवा उचलला. तो पासष्टाला थांबला.
मग डावा उचलला.