खांब क्रमांक ४१७

शेवटचा खांब मीच रोवलाय.
पाईनचा, डांबर पाजलेला.
दुपारी अजून घाम फुटतो त्याला.
इथे कोल्टर्स फोर्क गावाची हद्द संपते.
पुढे तीनशे चाळीस फुटांवर ओव्हालीन टॅकेटचं घर:
पत्र्याचं छप्पर, ओसरीवर बंद पडलेला फ्रीज,
त्यात ती कोंबड्यांचं खाद्य ठेवते.

नगरमंडळाने ठराव केला, पाच विरुद्ध शून्य,
इंटरनेटची तार तिच्या दारापर्यंत न्यावी.
तळ्यावरच्या पार्किंगवरून वर्षभर
एकमेकांशी न बोलणारे पाचजण
त्या रात्री एका बाजूला.
तिसऱ्या दिवशी मी ट्रकवर रीळ चढवलं.
पाचव्या दिवशी राजधानीतून कागद आला.

राजधानी तीन तासांवर, मध्ये दोन डोंगर.
कागदात एकच वाक्य, एकोणीस स्वल्पविराम:
कोणत्याही नगराने, आपल्या वीजपुरवठ्याच्या हद्दीबाहेर,
आणि पुढे बरंच काही, देऊ नये.
ओव्हालीनचं नाव त्यात नव्हतं.
असणार कसं.

सुनावणीला आम्ही सहाजण गेलो, माणशी दोन मिनिटं.
ओव्हालीनचं पहिलं मिनिट चष्मा शोधण्यात गेलं.
कंपनीचा वकील म्हणाला, मुक्त स्पर्धा.
त्याची कंपनी आमच्या डोंगरात पाऊल टाकत नाही,
मैलामागे चार घरं, परवडत नाही म्हणते.
आपण वाढायचं नाही,
आणि वाढणाऱ्याच्या हातातली पळी धरून ठेवायची.
अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत आमचे आभार मानले.

माझ्या आज्याने १९३८ साली याच रस्त्यावर खड्डे खणले.
तेव्हाही मोठी कंपनी म्हणाली होती, परवडत नाही.
मग गावाने कर्ज काढलं, खांब स्वतः उभे केले.
पहिला दिवा लागला तेव्हा, आजा सांगायचा,
लोकांना सगळ्यात आधी दिसली
आपल्याच घरातली जळमटं.

मलाही दिसतात.
याच पाचजणांनी, याच टेबलावर,
एउलालिया शोकची तमालेची गाडी मेन स्ट्रीटवरून हटवली होती.
नियम: कुठल्याही खाणावळीपासून सहाशे फूट लांब.
मेन स्ट्रीटच सगळी मिळून सातशे फूट,
आणि खाणावळ एकच,
मंडळातल्या बर्ल मेसरच्या मेहुण्याची.
गाडी दोन वर्षं तिच्या अंगणात ताडपत्रीखाली होती.

तो नियम मोडला कुणी?
त्याच राजधानीने. त्याच अधिवेशनात.
गावांनी असल्या धंद्यांना अडवू नये, असा कायदा.
एउलालियाने ते पान प्लॅस्टिकमध्ये घालून
गाडीवर लावलंय, हिरव्या चटणीच्या भावाशेजारी.
रोज बारा वाजता मी दोन तमाले घेतो,
मक्याची पानं सोलतो, आणि घास तोंडात असताना
शिवी कुणाला घालावी ते ठरत नाही.
जवळचा हात ओळख ठेवून कान पिळतो.
लांबचा हात न बघता सही करतो,
कधी आपल्या बाजूने,
कधी आपल्या नरड्यावर.

संध्याकाळी ओव्हालीनचा नातू टॅव्हनर
घडीची खुर्ची घेऊन खांबाखाली बसतो.
अग्निशमन केंद्राचं फुकट वायफाय इथवर येतं,
एक काडी, कधी दोन.
परवा भूमितीचा गृहपाठ पाठवताना त्याने विचारलं,
हद्द नक्की कुठून जाते?
मी बुटाच्या टाचेने गवतात रेघ ओढली.
त्याने बघितलं. खुर्चीचे मागचे दोन पाय
रेघेपलीकडे होते.
त्याने ते तिथेच राहू दिले.

वर खांबावर तारेचं वेटोळं टांगलंय.
तीनशे साठ फूट मोजून घेतली होती,
वीस जास्तीची, तार नेहमी थोडी सैल लागते.
पुढे न्यायची नाही, असं कागदात आहे.
मी पुन्हा वाचून पाहिला, एकोणीस स्वल्पविरामांसकट.
उतरवून ठेव, असं कुठेही नाही.