पंचवीस मिलिमीटर

टायर आणि वरच्या पत्र्याच्या मध्ये
माझी चार बोटं आरामात जातात.
उद्यमनगरात, सकाळी साडेदहाला,
गुडघ्यावर बसून मी गाडीला बोटं लावून बघतो,
वैद्यानं नाडी बघावी तशी.
दस्तगीर शिकलगार चहा फुंकत विचारतो,
"किती खाली पाहिजे?"

मला उत्तर येत नाही.
सेकंडहँड घेतली त्या दिवसापासून
डोक्यात एक चित्र आहे नुसतं:
वळणाच्या तोंडाशी दबा धरलेली, काळीशार,
चाकं अंगाखाली ओढून घेतलेली.
चित्रात मिलिमीटर नसतात.

परवा शिरोलीला एक पोरगा म्हणाला,
"दीड वेढा कापतो की ग्राइंडरनं.
अठराशे रुपये. अर्ध्या तासात घेऊन जावा."
हे ऐकून दस्तगीर कप खाली ठेवतो.
कोपऱ्यातल्या ढिगातून एक कापलेली स्प्रिंग काढून
माझ्या हातात देतो. गार, जड,
कापल्या टोकाला अजून निळसर भाजल्याचा डाग.
"आखूड झाली म्हणजे शहाणी झाली नव्हं.
खड्ड्यात गेली की तळाला आपटणार,
आणि वर आली की हिला आवरायला कोण?
जुना शॉकअप? तो दोन धक्क्यांतच आडवा होतोय."

याच पत्र्याखाली त्याचे वडील ट्रकचे पाटे भरायचे.
उसाचा हंगाम लागला की बाहेर रांग,
"मिस्त्री, एक पाटा जादा टाका."
चाळीस वर्षं त्या माणसानं गाड्या उचलल्या.
"आणि आता तुम्ही येताय," दस्तगीर म्हणतो,
"खाली करा म्हणून."
वरच्या फोटोकडे बघत नाही तो,
पण आवाज थोडा बारीक करतो.

वहीत तीन आकडे: चाळीस, तीस, पंचवीस.
चाळीसच्या पुढं मी आधीच फुली मारून आणलीय,
आवडलेल्या आकड्यावर, स्वतःच्या हातानं.
कारण या गावात पावसाळा फुटा-इंचांत बोलतात.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
राजाराम बंधाऱ्याची पातळी पानपट्टीवाल्यालाही पाठ.
"मग जुलैत गाडी गच्चीवर ठेवा,"
वैजयंता म्हणाली होती,
भाकरी उलटताना, मागं न बघता.

पंचवीस.
आणि शॉकअप चारही नवे, त्याच मापाचे.
स्प्रिंगांचे पैसे मी बाजूला काढले होते,
शॉकअपचे नाही.
वॉशिंग मशीन दिवाळीपर्यंत थांबलं.
(हे अजून घरात सांगितलेलं नाही.)

दोन दिवस लागले.
जुन्या स्प्रिंगा आवळून काढताना
दस्तगीर सगळ्यांना लांब उभं करायचा,
रेडिओसुद्धा बंद.
जॅक उतरला, गाडी टेकली.
मी बोटं लावली: तीन. चौथं अडकतंय.
"आत्ता नाही," तो म्हणाला, "पाचशे किलोमीटर पळवा.
बसू दे तिला. मग अलाइनमेंट."

रविवारी पन्हाळ्याला निघालो.
केर्लीपर्यंत काहीच कळलं नाही,
फक्त खड्डे जरा स्पष्ट बोलू लागलेले.
वाघबिळाच्या वळणांवर मात्र
गाडी कलली नाही. रस्ता धरून राहिली,
आणि मी काही बोललो नाही,
कारण बोललो असतो तर खूप बोललो असतो.

वैजयंता अकरा वर्षं, प्रत्येक घाटात,
खिडकीवरची दांडी धरून बसते.
तिसऱ्या वळणावर मी तिरक्या नजरेनं बघितलं.
तिचा हात मांडीवर होता.
ती मोबाईलवर सोनचाफ्याच्या रोपाची किंमत बघत होती.

येताना गल्लीच्या तोंडाशी तो स्पीडब्रेकर,
कुणीतरी रातोरात घातलेला, उंटाच्या पाठीएवढा.
मी तिरकी घातली, आधी डावं चाक, मग उजवं.
तरीही पोटाखालून खर्रर्र.
कट्ट्यावरचा अमोघ ओरडला,
"काका, नांगरट चालू केली काय?"

मी काच वर घेतली.
मनातल्या मनात पाच मिलिमीटर परत वाढवले,
आणि दारात उतरताना मागं वळून गाडीकडे बघितलं.
मग ते पाच परत काढून टाकले.